गोळी बंद केली, दहा दिवस काही झालं नाही, मग ती लागतच नव्हती का?

पत्र थोडक्यात असं. मुलुंडचे एक वाचक, वय ६१, छापखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले, बीपी आणि शुगर आधीपासून. चार महिन्यांपूर्वी बायपास झाली, तिसऱ्या दिवशी आयसीयूत ठोके एकदम बिघडले, औषधं देऊन दोन दिवसांत ताळ्यावर आले. घरी येताना जुन्या गोळ्यांच्या जोडीला ठोक्यांसाठी अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल, रक्त पातळ करणारी एपिक्सॅबॅन दोन वेळा, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी अशी भर पडली. मध्यंतरी बिल्डिंगमधल्या एका शेजाऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या भावाची फुप्फुसं अमिओडारोनने खराब झाली. सर्जन म्हणाले ठोक्यांचं कार्डिओलॉजिस्टना विचारा, कार्डिओलॉजिस्ट म्हणाले चालू ठेवा, फॅमिली डॉक्टर म्हणाले इतके दिवस कशाला. शेवटी यांनी स्वतःच दहा दिवसांपूर्वी अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल दोन्ही बंद केल्या, संध्याकाळची एपिक्सॅबॅनही बहुतेक वेळा राहतेच. मिसेस रोज डबा भरून हातावर गोळ्या ठेवतात, हे दोन गोळ्या खिशात टाकतात आणि वॉकला गेल्यावर बागेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून येतात. "आता पूर्वीपेक्षा फ्रेश वाटतंय, घड्याळात पल्स नॉर्मल दिसते, धडधड नाही. म्हणजे गोळी लागतच नव्हती ना? आणि हिला सांगू की पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे तोपर्यंत गप्प बसू?"

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी हे सांगते की तुमचा मूळ प्रश्न चुकीचा नाहीये. ठोक्यांची गोळी किती दिवस घ्यायची हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि खरं तर चार महिन्यांत हे कुणीतरी आपणहून सांगायला हवं होतं. मी बावीस वर्षं हार्ट सर्जरीच्या आयसीयूत सिस्टर होते, डिस्चार्जच्या दिवशी काय चालतं ते रोज पाहिलंय, बिलाची धावपळ, टॅक्सी खाली येऊन उभी, मुलगा फाइल घेऊन या काउंटरवरून त्या काउंटरवर, आणि त्या गडबडीत कुणीतरी दोन मिनिटांत दहा गोळ्या समजावून सांगतं. "चालू ठेवा, पुढच्या व्हिजिटला बघू" एवढंच डोक्यात राहतं. कधीपर्यंत, हे कार्डावर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. मग माणूस शेजाऱ्याला विचारतो, त्यात नवल काय.

मी डॉक्टर नाही आणि तुमचा ईसीजी मी पाहिलेला नाही, त्यामुळे अमिओडारोन घ्या किंवा घेऊ नका हे मी इथे सांगणार नाही. पण तुम्ही जो हिशोब मांडलाय, की बंद केली, दहा दिवस काही झालं नाही, म्हणजे लागत नव्हती, तो हिशोब मात्र मला तुमच्यासोबत बसून परत एकदा तपासायचाय.

तुम्ही छापखान्यात आयुष्य काढलंय. मोठ्या मशीनचा स्विच बंद केला की ते जड चाक लगेच थांबतं का? ते फिरत राहतं, आणि नवखा पोरगा मशीन बंद आहे समजून हात घालायला जातो. अमिओडारोन अगदी तसं औषध आहे. ते चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात जाऊन साठतं आणि तिथून हळूहळू सुटतं. शरीरातलं अर्धं औषध बाहेर पडायला सरासरी जवळजवळ दोन महिने लागतात, कुणाला कमी, कुणाला त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही कचऱ्याच्या डब्यात गोळी टाकताय आणि आत आधीच्या गोळ्या अजून काम करतायत! दहा दिवसांत काही झालं नाही यावरून गोळीशिवाय तुमचं हृदय कसं वागतं हे कळलेलंच नाही, कारण तुम्ही गोळीशिवाय अजून झालेलाच नाही आहात. ते कळायला लागेल पुढच्या दोन-चार महिन्यांत, आणि त्या काळात तुमच्यावर लक्ष ठेवणारं कुणीच नसेल, कारण कुणाला माहीतच नाहीये.

आता तुमचं ते "फ्रेश वाटतंय." मला पटतं, वाटत असणारच. पण श्रेय कोणाला? तुम्ही दोन गोळ्या एकाच दिवशी बंद केल्यात. अमिओडारोन अंगात तशीच आहे, पण मेटोप्रोलॉल एक-दोन दिवसांत जवळपास निघून जाते. ती बीटा ब्लॉकर आहे, ठोके सावकाश करते, बीपी खाली ठेवते आणि बऱ्याच जणांना तिने अंग जड वाटतं, जिना चढताना पाय ओढल्यासारखे वाटतात. शिवाय अमिओडारोनही ठोके सावकाश करते, दोन्ही एकत्र म्हणजे दोन ब्रेक एकदम दाबलेले. तेव्हा तुमचा थकवा मेटोप्रोलॉलच्या डोसचा असू शकतो आणि तो डोस कमी करून किंवा गोळी बदलून सुटण्यासारखा आहे. म्हणजे भीती वाटत होती एका गोळीची आणि त्रास बहुधा होता दुसरीचा. डॉक्टरांना "थकवा येतो, पल्स इतकी असते" एवढं सांगितलं असतं तर कदाचित हे तेव्हाच निघालं असतं.

पण मेटोप्रोलॉल अशी एका दिवसात सोडणं, दादा, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात कमी आवडलेलं आहे. हृदय महिनोन्‌महिने त्या ब्रेकच्या सवयीने चालत असतं आणि तो अचानक काढला की उसळी मारतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, काहींना छातीत दुखतं, आणि हृदयाच्या पेशंटमध्ये त्यावरून अटॅक आलेलेही नोंदलेले आहेत. म्हणून ही गोळी थांबवायची झालीच तर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत उतरवत थांबवतात, आणि तेही डॉक्टर. तुम्हाला दहा दिवसांत काही झालं नाही, देवाची कृपा. कदाचित आत उरलेल्या अमिओडारोननेच सांभाळून घेतलं असेल. पण हे वाचून आज रात्री घाईघाईने पुन्हा पूर्ण डोस सुरूही करू नका, खंड पडल्यावर कितीने सुरुवात करायची हे फोनवर विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

एपिक्सॅबॅनची गोष्ट एकदम उलटी. ती जेमतेम दिवसभर टिकते, बारा तासांत साधारण निम्मी होते, म्हणून तर सकाळ-संध्याकाळ लिहिलीय. संध्याकाळची राहिली की रात्रभर आणि पहाटे तुमचं संरक्षण पातळ झालेलं असतं. एक गोळी दोन महिने अंगात राहणारी आणि दुसरी एका दिवसात उतरणारी, दोन्ही एकाच डब्यात एकाच रकान्यात, आणि आपण दोघींना सारखंच वागवतो, एक दिवस राहिली तर काय होतंय म्हणून. अमिओडारोनचा एक दिवस चुकला तर खरंच फारसं काही होत नाही. एपिक्सॅबॅनचं तसं नाही, डॉक्टरांनी थांबवायच्या आधी ती सोडली तर गुठळीचा आणि स्ट्रोकचा धोका वाढतो. म्हणून एवढी एकच गोष्ट मी ठामपणे सांगते, ती जशी लिहून दिलीय तशी दोन्ही वेळा आजच्या संध्याकाळपासून घ्या, आणि राहिलेल्या भरून काढायला दोन एकदम घेऊ नका.

आता थोडं त्या तिसऱ्या दिवसाबद्दल, कारण मला वाटतं तुमचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ते दृश्य मी किती वेळा पाहिलंय सांगू, पेशंट खुर्चीत बसलेला, मांडीवर उपम्याची डिश, नळ्या निघालेल्या, सगळे खूश, आणि मॉनिटर एकदम ऐंशीवरून एकशे चाळीसवर उडी मारतो. आम्ही धावतो आणि पेशंट म्हणतो, "काही नाही सिस्टर, जरा धडधडतंय." भजनात सगळे टाळ एका तालात वाजत असताना पाच-सहा जणांनी आपापला वेगळा ताल धरावा तसं हृदयाच्या वरच्या कप्प्यांत होतं, नीट आकुंचन पावायचं सोडून ते नुसते थरथरत राहतात. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, फाइलीत एएफ लिहिलेलं असेल. बायपासनंतर दर तिघा-चौघांत एकाला हे होतं, व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. हाताळलेल्या हृदयाला सूज असते, शरीरात ताणाची रसायनं उसळलेली असतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम खालीवर झालेलं असतं. सूज ओसरली की बहुतेकांचा ताल परत येतो.

अमेरिका-कॅनडातल्या हॉस्पिटलांत झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली छापून आला होता, ऑपरेशननंतर एएफ झालेले ५२३ पेशंट, अर्ध्यांना फक्त ठोक्यांचा वेग आवरायची औषधं आणि अर्ध्यांना ताल परत आणायची, म्हणजे मुख्यतः अमिओडारोन. दोन महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा ताल स्थिर होता. म्हणून ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एएफ झालेल्या माणसाला अमिओडारोन जन्मभर द्यायची नसते, दीड ते तीन महिन्यांत ईसीजी बघून बहुतेक ठिकाणी थांबवतात. रक्त पातळ करायच्या गोळीबद्दलही २०२३ च्या अमेरिकन गाइडलाइन्समध्ये असंच आहे की साधारण साठ दिवस द्यावी आणि मग पुढे लागते का ते नव्याने ठरवावं.

म्हणजे बघा, तुम्ही ज्या गोष्टीसाठी चोरी करताय ती कदाचित डॉक्टर स्वतःच करणार होते! किंवा त्यांच्याकडे न करायचं कारण असेल, मधल्या एखाद्या ईसीजीत काही दिसलं असेल, वरचा कप्पा मोठा असेल. तुम्ही विचारलंच नाहीत आणि त्यांनी सांगितलं नाही. "चालू ठेवा" म्हणजे कायम, असं तुम्ही धरून चाललात. त्यांच्या मनात ते "या व्हिजिटपुरतं" असू शकतं.

आणि डॉक्टरांना ही औषधं कुणाच्या गळ्यात उगाच बांधून ठेवायची हौस असते असंही समजू नका. १९८९ साली अमेरिकेतल्या कास्ट नावाच्या अभ्यासाने त्यांना चांगलाच धडा दिलाय. अटॅक येऊन गेलेल्यांचे जादाचे ठोके दाबायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड दिली, ठोके दबले, कागदावर सगळं छान, आणि गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून ठोक्यांचं औषध द्यायचं तर नीट कारण हवं हे प्रत्येक कार्डिओलॉजिस्ट शिकलेला असतो. तेव्हा तुम्ही थांबवायची भाषा केलीत तर ते अंगावर येतील ही भीती सोडा.

शेजाऱ्यांच्या भावाचं म्हणाल तर ते खोटं बोलत नाहीयेत. अमिओडारोन हे ताकदीचं औषध आहे आणि त्याचे त्रासही खरे आहेत. फुप्फुसाला सूज येऊ शकते, लिव्हरवर परिणाम होतो, उन्हात चामडी लवकर भाजते, आणि थायरॉइड तर हमखास बघावाच लागतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आपली रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची. ते सगळं सुटं होत नाही, पण जेवढं होतं तेच गरजेच्या कितीतरी पट. म्हणून सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आणि लिव्हरची टेस्ट करतात, छातीचा एक्स-रे काढून ठेवतात. पण फुप्फुसाचा त्रास मुख्यतः जास्त डोस आणि बरीच वर्षं घेणाऱ्यांत दिसतो. त्यांच्या भावाला किती वर्षं चालू होती, कशासाठी होती, हे विचारलंत का? तुमचे चार महिने आणि त्यांची वर्षं एका तराजूत नका घालू. नवीन कोरडा खोकला किंवा चालताना दम लागायला लागला तर मात्र चार महिने असोत की चार आठवडे, लगेच सांगायचं, आणि गोळी बंद केल्यावरही काही महिने हे लक्षात ठेवायचं, कारण औषध अजून आत आहे.

घड्याळाबद्दल एक-दोन वाक्यं. ते मधूनमधून बघतं, सतत नाही, आणि एएफ कित्येकांना जाणवतच नाही, ना धडधड ना काही. पहिली खूण थेट स्ट्रोकची असलेले पेशंट मी पाहिलेत, घरचे म्हणतात काल रात्री तर पत्ते खेळत होते. म्हणून गोळ्या थांबवायच्या आधी किंवा थांबवल्यावर डॉक्टर चोवीस तास ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, होल्टर, लावतात, किंवा छातीवर आठवडा-दोन आठवडे पट्टी चिकटवतात. तुम्हीही रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ताल चुकतोय का ते मिनिटभर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि तो आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहा, जिथे दूधवाल्याचे खाडे लिहिता तिथेच.

आता मिसेस. खरं सांगायचं तर पत्रातली खिशाची गोष्ट वाचून मी गोळ्यांपेक्षा जास्त वेळ तिथे थांबले. मला राग नाही आला. इतकी वर्षं मशीन आणि माणसं हाताखाली ठेवलेल्या माणसाच्या हातावर कुणीतरी रोज गोळ्या मोजून ठेवतं, मीठ काढून घेतं, लोकलने एकटं जाऊ देत नाही, तेव्हा एक तरी गोष्ट आपल्या मनाने करावी असं वाटतंच. मी हे कित्येक पुरुषांमध्ये पाहिलंय आणि बायकांमध्येही. पण वहिनींचं बघा. त्या रोज डबा भरतात आणि त्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय. उद्या रात्री तुम्हाला काही झालं आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय गोळ्या चालू आहेत, तर त्या छातीठोकपणे चुकीची यादी सांगतील, आणि त्या यादीवर तुम्हाला इंजेक्शन दिलं जाईल. ठोक्यांच्या औषधात हे फार धोक्याचं आहे. पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट येईपर्यंत गप्प बसणं म्हणूनच मला मान्य नाही.

कसं सांगायचं? लांबण लावू नका. आज जेवणं झाली की डबा दोघांच्या मध्ये ठेवा आणि म्हणा, "मी दहा दिवस या दोन घेतल्या नाहीत, संध्याकाळचीही चुकवली, मला भीती वाटत होती आणि थकवा येत होता." रडारड होईल, थोडा आवाज चढेल, चढू दे. आणि त्यानंतर डबा तुम्ही स्वतः भरायला घ्या, रविवारी रात्री, त्यांच्यासमोर. गोळी तुमच्या हातात आली की ती खिशात टाकायची गरज कमी होते असा माझा अनुभव आहे.

मग कार्डिओलॉजिस्टना फोन. तुमचा खरा घोळ तीन डॉक्टरांमधलाही आहे, प्रत्येकाने बॉल दुसऱ्याकडे टाकलाय. ठोक्यांच्या गोळ्यांचा निर्णय एकानेच घ्यायचा आणि ते म्हणजे कार्डिओलॉजिस्ट, बाकी दोघांना फक्त कळवायचं. फोन बहुधा असिस्टंट घेतील, त्यांना आधीच लिहून ठेवलेलं वाचून दाखवा, ऑपरेशनची तारीख, तिसऱ्या दिवशी एएफ, अमुक तारखेपासून अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल बंद, एपिक्सॅबॅन निम्मी चुकली, आजची पल्स आणि बीपी इतकं, मला लवकरची वेळ हवी आणि तोपर्यंत काय घेऊ ते आजच सांगा. तारखा खऱ्या सांगा. "दोन-तीन दिवस राहिली" असं गुळमुळीत नको, तुम्हाला बरं वाटावं म्हणून कमी सांगितलेले दिवस त्यांचा अख्खा हिशोब चुकवतील.

भेटायला जाल तेव्हा फाइल, मधले सगळे ईसीजी आणि गोळ्यांच्या प्रत्यक्ष स्ट्रिप्स घेऊन जा, नावं सांगताना घोळ होतो. आणि प्रत्येक स्ट्रिप समोर ठेवून विचारा की ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि थांबवताना एकदम की हळूहळू. उत्तरं तिथेच पेनाने लिहून घ्या. तुमच्या डब्यात ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा कायमची असेल, कारण त्या नवीन लावलेल्या नसा उघड्या ठेवायला आहेत, ठोक्यांशी त्यांचा संबंध नाही, त्या या गडबडीत चुकूनही सोडू नका. मेटोप्रोलॉल बीपीसाठीही लागत असेल. एपिक्सॅबॅनचं ठरवताना ते तुमचं वय, बीपी, शुगर, नसांचा आजार असे मार्क मोजतील आणि दुसऱ्या बाजूला रक्तस्रावाचा धोका ठेवतील, कारण ती ॲस्पिरिनसोबत चालू आहे. हिरड्यांतून रक्त, काळी शी, कारण नसताना उठलेले निळे डाग असं काही असेल तर सांगा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि टीएसएच करून घ्यायला सांगा, बायपासनंतर रक्त कमी असतं आणि थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच गळून जातो. मन उदास असेल तर तेही बोला, बायपासनंतर तेही खूप जणांना होतं आणि कुणी विचारत नाही.

छातीत दुखलं, ठोके पळायला लागून चक्कर किंवा घाम आला, तोंड वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, १०८ ला फोन किंवा जवळचं हॉस्पिटल. स्वतः गाडी चालवत जायचं नाही आणि मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचंही नाही.

तुमच्यासारखीच पत्रं येतात म्हणून बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांनी वरचं एपिक्सॅबॅनचं काहीच स्वतःला लावून घेऊ नये. त्यांना रक्त पातळ करणारी ॲसेनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन जन्मभर लागते, ताल कितीही चांगला असला तरी. आणि त्यांच्यासाठी अमिओडारोन बंद होणं हा वेगळाच प्रसंग असतो. माझ्या धाकट्या जावेचा मायट्रल व्हॉल्व्ह बदलला होता, तीन महिन्यांनी अमिओडारोन थांबवली, ती अगदी योग्यच थांबवली, पण अमिओडारोन रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवते आणि ती शरीरातून उतरत गेली की तो जोरही उतरतो, हे तिला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तीनच्या आसपास असायचा. सणासुदीच्या गडबडीत तपासणी राहिली, मी हट्टाने तिला खालच्या लॅबमध्ये पाठवलं तर १.६. त्या रात्री मी झोपले नाही. डोस वाढवून निभावलं. तेव्हा अमिओडारोन चालू झाली किंवा थांबली की पुढचे काही आठवडे आयएनआर लवकर लवकर करायचा, आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांनीही तो आकडा हलतो म्हणून बंद नाही करायची, रोज साधारण सारखी ठेवायची.

ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासून एएफ होतं त्यांचं गणित निराळं आहे, त्यांना गोळ्या लांब चालू शकतात. ऑपरेशनमध्ये वरच्या कप्प्याचा छोटा खिसा बंद केलाय असं कार्डावर लिहिलेलं असेल तरी तेवढ्यावरून रक्ताची गोळी आपली आपण सोडायची नाही.

आणि केमिस्ट! आपल्याकडे घसा दुखला की काउंटरवरून ॲझिथ्रोमायसिन मिळतं, तीन गोळ्यांचं पाकीट, सगळ्यांना तोंडपाठ. अमिओडारोन घेणाऱ्याने, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत थांबवलेल्यानेसुद्धा, ते असं परस्पर घ्यायचं नाही, दोन्ही मिळून ठोक्यांचा वेगळाच धोकादायक बिघाड होऊ शकतो. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर घेतलं की पोटात रक्तस्राव व्हायची भीती. नाक चोंदल्यावरच्या सर्दीच्या गोळ्यांनी ठोके पळतात. दात काढायचा, मोतीबिंदू करायचा तर त्या डॉक्टरांना आधी यादी दाखवा, आणि अर्जुनसालीचा काढा चालू असेल तर तोही यादीत लिहा, लपवू नका, कुणी हसणार नाही.

दादा, डॉक्टरांनी बघून अमिओडारोन थांबवली तर मला खरंच आनंद होईल. फक्त तेव्हा कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि पुढचे तीन महिने सकाळची पल्स लिहिणं सोडू नका, ते चाक तोपर्यंत फिरत असणार. उद्या ओपीडी उघडली की पहिला फोन तुमचा असू दे, आणि लावताना वहिनींना शेजारी बसवा, त्या तारखा तुमच्यापेक्षा नीट सांगतील.